अनुराधापुरातला पाठमोरा फोटो

इंदोरा

आमच्या नागपूरच्या इंदोऱ्यात कोणी बोधगयेला जाऊन आलं की महिन्याभरात त्यांच्या हॉलमध्ये एक फ्रेम लागते. मागे बुद्ध, पुढे दोन रांगांत माणसं, आणि खाली बसलेल्यांच्या हातात सहलीचा फ्लेक्स. या सगळ्या फ्रेमा माझ्या, म्हणजे फोटो मी काढलेले. शेजारच्या जरीपटक्यात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी उमेदीची वर्षं काढली. सहलीच्या शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो काढायचा आणि परतल्यावर तो फ्रेम करून घरपोच द्यायचा, ही टूम माझी. काही घरांत सारनाथ, कुशीनगर, बोधगया अशा तीन-तीन फ्रेमा ओळीनं लागलेल्या आहेत. मी नोकरी सोडते म्हटल्यावर सेठ एवढंच म्हणाले, "अब फोटो कौन खींचेगा?" मला त्यांचा राग आला, आणि जरा वाईटही वाटलं.

नोकरी सोडली ती श्रीलंकेत आपलं स्वतःचं काही उभं करायचं म्हणून. बोधगया झाली, लुंबिनी झाली, आता लंका दाखवा ताई, असं वस्तीतली माणसं कधीची मागे लागली होती. अनुराधापुरात बोधिवृक्ष आहे, बोधगयेहून फांदी नेऊन लावलेला. पण तिथल्या मोठ्या हॉटेलात आमची माणसं अवघडतात. बुफेपुढे प्लेट धरून उभं राहायची वेळ आली की निम्म्यांची भूक मरते. मला तीन खोल्यांचं घरगुती ठिकाण हवं होतं, जिथं संध्याकाळी अंगणात बसून वंदना म्हणता येईल आणि सकाळी कोणी घड्याळ दाखवून नाश्ता उचलून नेणार नाही.

परक्या देशात असं काही काढायचं तर तिथलं माणूस भागीदार म्हणून हवं. मागच्या वर्षी एकटी जाऊन घरं पाहून आले. एकाला खाली बार काढायचा होता. दुसऱ्याला गोरे पाहुणे सोडून कोणी नकोच होते. तिसरं घर कुसुमाअक्काचं. ती विधवा, मुलं इटलीत, मागच्या तीन खोल्या रिकाम्या, आणि बोधिवृक्ष पायी जाता येईल इतका जवळ. मला तर तिथल्या तिथं बसकण मारावीशी वाटली. तिचा भाचा निहाल दुबईत बरीच वर्षं ड्रायव्हर होता, त्यामुळे त्याला हिंदी येतं. त्याच्या तोंडून तिनं निरोप दिला, की घर देईन की नाही हे आत्ता सांगणार नाही. आधी तुझी माणसं घेऊन ये, चार दिवस माझ्याकडे राहू देत, मग बोलू.

म्हणजे परीक्षा माझी नव्हती, माझ्या माणसांची होती. आणि माझी माणसं मला चांगली माहीत आहेत. होकार मिळाला तर माझा धंदा उभा. नाही मिळाला तर पुन्हा सेठच्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं.

नात्यातले आणि वस्तीतले मिळून दहा जण तयार झाले. त्यातली दोनच माणसं इथं सांगायला हवीत. एक मेश्रामकाका, रेल्वेतून रिटायर झालेले, ज्यांना कुठंही गेलं की 'आता पुढं काय?' असं विचारायची सवय आहे. आणि दुसरी माझी पारबताआत्या. आत्या भिवापूरची. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडायच्या आवारात बसून मिरच्यांचे देठ खुडण्यात तिची हयात गेली. विमानात बसायच्या आधी तिनं मला एकच प्रश्न विचारला.

"तिथं मिरची मिळते का वं करुणे?"

"मिळते आत्या. लंकेचे लोक लई तिखट खातात."

"खात असन. पन मी आपली घेऊन चालली." तिच्या पिशवीत तिखटाची एक पुरचुंडी आणि अख्ख्या मिरच्यांचं एक गाठोडं होतं.

माझ्या बॅगेत फ्लेक्स होता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'करुणा धम्म सहल, अनुराधापूर', एका कोपऱ्यात स्तूप आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी. माझा फोटो टाकू नका असं बजावलं होतं. पण नागपुरात चेहऱ्याशिवाय फ्लेक्स छापला तर छापणाऱ्यालाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

कुसुमाअक्काचं अंगण

विमानं, रांगा आणि कोलंबोपासूनचा रस्ता यांत सांगण्यासारखं काही नाही. निहालच्या व्हॅनमध्ये सगळे झोपले होते आणि जागे झालो तेव्हा तळी दिसू लागली होती. अनुराधापूर हे तळ्यांचं गाव आहे. एक संपलं की दुसरं, आणि प्रत्येकात कमळं. आमच्या नागपूरच्या अंबाझरी-फुटाळा तलावांची आठवण काढायची सोय नाही इतकं शांत पाणी.

कुसुमाअक्काच्या फाटकाशी आत्या थबकली. अंगणात सारवण नाही, फरशी नाही, नुसती वाळू. आणि त्या वाळूवर खराट्याच्या रेघा, एकसारख्या, कोणी फणीनं केस विंचरावेत तशा. पहाटे उठून कुसुमाअक्का ते झाडते आणि पाहुणा येईपर्यंत त्यावर कोणी पाय टाकत नाही.

"याच्यावर पाय कसा ठेवाचा?" आत्या म्हणाली. "सडा टाकल्यावर आपन वलांडून जातो तसं जावं का?"

तेवढ्यात कुसुमाअक्का पायऱ्या उतरून आली. साठीच्या पुढची, पांढरं ब्लाऊज, पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा. हात जोडून म्हणाली, "आयुबोवन." आत्यानं हात जोडून खणखणीत "जय भीम" केलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळला नाही, पण त्यात कोणाचं अडलंही नाही. मग ती माझ्याकडे वळून हसत "नंगी, नंगी" म्हणू लागली तेव्हा आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. निहालनं घाईघाईनं सांगितलं, "माताजी, नंगी मतलब छोटी बहन. इधर सबको बोलता है."

"बोलू दे," आत्या म्हणाली, "पन आपल्या वस्तीत कोनाले सांगू नको."

जेवायला लाल तांदळाचा भात, नारळाच्या दुधातली मसुराची डाळ, कच्च्या फणसाची भाजी, आणि ओलं खोबरं, लाल तिखट, लिंबू घालून केलेला सांबोल. आम्ही विदर्भाची माणसं नारळ फोडतो तो नवीन गाडी घेतली तर. इथं रोज सकाळ-संध्याकाळ नारळ. आत्यानं सांबोलाचा घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं समाधानानं मान हलवली. नंतर आपली पुरचुंडी काढून चिमूटभर तिखट कुसुमाअक्काच्या तळहातावर ठेवलं. कुसुमाअक्कानं ते जिभेवर घेतलं, क्षणभर थांबली, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. निहाल हसून हसून भिंतीला टेकला. त्या रात्री मी निवांत झोपले. मला वाटलं, जमलं.

झाडाखाली

दुसऱ्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत बोधिवृक्षाकडे निघालो. पांढरं नेसायचं हे आम्हाला सांगावं लागलं नाही, आमच्याकडेही वंदनेला पांढरंच असतं. फुलवाल्यांकडून कमळाच्या कळ्या घेतल्या. कुसुमाअक्कानं आत्याला कळीची एकेक पाकळी आतल्या बाजूला दुमडायला शिकवलं. नुसती कळी वाहायची नाही, आपल्या हातानं उमलवून वाहायची. आत्याचे हात देठ खुडून घोटलेले, त्यामुळे तिला ते एकदाच दाखवावं लागलं.

पायांत काही नसताना तापलेल्या दगडांवरून चालायचं म्हणजे आमची तारांबळ. मेश्रामकाका सावलीच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होते. त्यांच्या बगलेतला चिवड्याचा पुडा एका वानरानं शांतपणे काढून घेतला आणि समोर बसून खाल्ला. काका म्हणाले, "माहीत असतं तं जास्त आनला असता."

झाडाला सोन्याचा मुलामा दिलेल्या काठ्यांचे टेकू दिले आहेत. त्याच्या भोवती वाळूवर शेकडो माणसं बसलेली. कोणी पुटपुटत, कोणी डोळे मिटून, कोणी नुसतीच. शाळेची मुलंसुद्धा. माझ्या नोकरीतल्या सवयीप्रमाणे माझ्या मनात घड्याळ चालू होतं. दर्शन, फोटो, पाणी, पुढचा पॉइंट. कुसुमाअक्का मात्र बसली ती बसलीच.

"आता पुढं काय?" मेश्रामकाकांनी विचारलंच.

निहालनं तिला विचारलं. ती काहीतरी म्हणाली. निहाल म्हणाला, "बोलती है, आगे कुछ नहीं. यही है."

काका वाळूत मांडी घालून बसले. थोड्या वेळानं त्यांनीच त्रिशरण सुरू केलं, आणि आजूबाजूची अनोळखी माणसं आमच्या आवाजात आवाज मिसळू लागली. शब्द तेच. चाल वेगळी, आमच्यापेक्षा संथ, आणि आम्ही पुढे पळत होतो तर ते मागून येऊन आम्हाला थांबवत होते. शेवटच्या ओळीपर्यंत आम्ही त्यांच्या चालीवर आलो. कुसुमाअक्कानं माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला रडू येईल असं वाटलं. धंद्याचा विचार त्या दिवशी मी पहिल्यांदाच विसरले.

तळ्याकाठचा विहार

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आम्हाला तिच्या वाडीतल्या विहारात घेऊन गेली. मोठं, प्रसिद्ध वगैरे नाही. तळ्याच्या काठाला एक लहानसं आवार, पिंपळ, आणि उघड्यावर बसलेली पांढरी बुद्धमूर्ती. तिनं शेजारपाजारी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पंधरा-वीस माणसं आम्हाला पाहायला आली होती. आम्ही फुलं वाहिली, दिवे लावले, वंदना झाली. सगळं छान झालं. आणि मग मी माझ्या कामाला लागले.

"चला, ग्रुप फोटो!"

माझी माणसं या हाकेला सरावलेली. उंच मागे, बुटके पुढे, बरोबरच्या काकू खाली बसल्या, मेश्रामकाकांनी फ्लेक्स उलगडून मधोमध धरला. मूर्ती बरोबर मध्ये यावी म्हणून मी त्यांना जरा डावीकडे सरकवलं. "सगळे इकडं पाहा. आत्या, हास ना!" मी मोबाईल वर केला, तर काहीतरी बिनसल्याचं मोबाईलच्या काचेतूनच दिसलं. विहाराची देखभाल करणारे एक गृहस्थ हात हलवत धावत येत होते. एका बाईनं आपल्या मुलाचे डोळे झाकावेत तसं त्याला पदराशी ओढलं.

निहाल माझ्या कानाशी आला. "मॅडम, जल्दी हटाओ सबको. बुद्ध को पीठ नहीं दिखाने का. इधर ये बहुत खराब बात है. बाहर का टूरिस्ट लोग करता है तो पुलिस भी आता है."

मी खरंच चक्रावले. कितीतरी वर्षं मी हाच फोटो काढत आले, आणि कोणी काही म्हटलं नव्हतं. माझ्या घरात, आत्याच्या घरात, लग्नात, बारशात, आम्ही बुद्धाच्या मूर्तीपुढे दाटीवाटीनं उभे राहूनच फोटो काढतो. मी कुसुमाअक्काकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. फ्लेक्सवरच्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. बुद्धाच्या पुढ्यात तो केवढा मोठा दिसत होता! मेश्रामकाकांनी तो घाईनं गुंडाळला, तर तो पुन्हा सुटून वाऱ्यावर फडफडला. हसायची वेळ नव्हती, नाहीतर हसू आलं असतं.

घरी परतताना ती सगळ्यांच्या पुढे, एकटी चालली.

चुलीपाशी

जेवायच्या आधी मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले. आत जायची हिंमत होत नव्हती. आत्या मात्र आत होती. तिथं खोबरं खवायला एक बुटकी लाकडी बैठक असते, पुढे दातेरी पातं लावलेली, आपल्या विळीची बहीण म्हणावी अशी. आत्याला पहिल्या दिवसापासून तिचा नाद लागला होता. ती तिथं बसून नारळाची वाटी फिरवत होती आणि कुसुमाअक्का चुलीकडे तोंड करून डाळ ढवळत होती. एकही शब्द नाही.

"काहून वं बाई, बोलत नाही तू?" आत्या म्हणाली. "चुकलं असन तं सांग. चूप राहून कोनाले काय समजते?"

कुसुमाअक्कानं निहालला हाक मारली. मग ती बरंच बोलली, हळू आवाजात. निहाल खाली पाहत म्हणाला, "बोलती है, मैंने पूरे गाँव को बोला, मेरे घर में बुद्ध के देश का लोग आया है. सब देखने को आया. और आप लोग ऐसा किया. अभी मैं उनको क्या बोलूँ?"

बुद्धाच्या देशाची माणसं. हे ऐकून मला शरम वाटली, आणि लगेच त्याच्या मागून रागही आला. हजारो वर्षं ज्यांना कोणी अडवलं नाही, त्यांनी आम्हाला बुद्धापुढे कसं उभं राहायचं ते शिकवावं, असा तो राग होता. पण परीक्षा देणाऱ्यानं रागवायचं नसतं. मी माफी मागणारच होते, तेवढ्यात आत्या बोलली. खोबरं खवता खवताच बोलली.

"निहालबाबू, नीट सांग तिले. माह्या बापाले देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते. सावली पडली तं बोंब मारत. मंग त्यानं नागपूरले येऊन दीक्षा घेतली अन् घरात बुद्ध आनला. बाप म्हने, आता याच्यापासून कोनी लांब बसाचं नाही. आमी त्याच्यापुढं जेवतो, त्याच्यापुढं निजतो, लेकरू झालं का त्याच्याच मांडीपाशी नेऊन ठेवतो. मंग फोटो काढाचा तं घरच्या मानसावानी तो संग पायजे ना? पाठ दाखवाले नाही गेलो वं बाई. त्याच्यासंग उभं राहाले गेलो."

तिचं बोलणं मी निहालला हिंदीत समजावून दिलं. तो सांगता सांगता एका ठिकाणी अडला. मला म्हणाला, "मॅडम, किसने रोका? मंदिर में जाने से?"

मी सांगितलं.

"क्यों?"

याचं उत्तर आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण त्या स्वयंपाकघरात, त्या माणसाला, सरळ हिंदीत ते सांगायला गेले आणि मला ते सांगताच येईना. इतकं ते बाहेरून विचित्र दिसत होतं. तरी जमेल तसं सांगितलं. निहालनं तिला सांगितलं.

कुसुमाअक्काचा ढवळणारा हात थांबला. मग ती बोलली, आणि या वेळी निहालही सावकाश बोलला. तिच्या आईच्या काळात त्यांच्या गावातही काही घरची माणसं आली की त्यांना खुर्ची देत नसत. त्यांच्यासाठी एक ठेंगणं स्टूल वेगळं असायचं. ते स्टूल तिनं लहानपणी पाहिलं होतं. आई म्हणायची, ते त्यांचंच आहे, त्यावर तू बसू नकोस.

हे सांगता सांगता तिची नजर आत्यावर गेली. आत्या त्या खवणीच्या बुटक्या बैठकीवर गुडघे वर घेऊन बसली होती. कुसुमाअक्का पुढे झाली, तिनं आत्याचा दंड धरला आणि तिला उठवू लागली.

"अवं! सोड ना," आत्या हसली. "मी माह्या मनानं बसली. मी उठली तं खोबरं कोन खवनार?"

कुसुमाअक्का हसली नाही. तिनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि आत्याच्या शेजारी खाली जमिनीवरच बसली. पांढरी साडी, चुलीपुढची राख, कशाचीही पर्वा न करता. आता ती आत्यापेक्षा खाली होती. आत्यानं हसू आवरलं. दोघी तशाच बसल्या आणि डाळ खाली लागल्याचा वास येईपर्यंत कोणी उठलं नाही.

डाळ उतरवल्यावर ती एकच वाक्य म्हणाली. रागानं नाही, समजावल्यासारखं. निहाल म्हणाला, "बोलती है, आप लोग इतना दूर से आया, बुद्ध को अपना चेहरा दिखाने को. फिर उसको बाल क्यों दिखाया? उसको मालूम ही नहीं पड़ा, कौन-कौन आया."

आत्यानं जरा विचार केला. "हे मात्र बरोबर बोलली," ती म्हणाली.

घराचा विषय कोणीच काढला नाही. मीही नाही. झोपताना मी दोघींच्या बोलण्याचा विचार करत राहिले. जवळ जाण्यासाठी आमच्या आजोबांनी एवढं केलं, आणि मान राखण्यासाठी हे लोक इतकी शतकं जरा अंतर ठेवून वागले. मला दोन्ही पटत होतं. आणि एक गोष्ट टोचत होती. फोटो काढताना मूर्ती चौकटीत नीट बसते का, एवढंच मी पाहत आले होते. मूर्तीकडे पाहिलं होतं असं म्हणवत नव्हतं.

निघायच्या सकाळी

शेवटच्या सकाळी सामान व्हॅनमध्ये चढलं. कुसुमाअक्कानं नारळाच्या दुधातला भात करून त्याच्या वड्या थापल्या होत्या. शुभ दिवसाला तिथं हा भात करतात. शुभ काय आहे हे विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, विहारात जाऊन मग निघा.

मी फ्लेक्स मुद्दाम कुसुमाअक्काच्या घरीच ठेवला. मोबाईलही पर्समधून बाहेर काढला नाही. कालचे शेजारी पुन्हा आले होते, कालच्यापेक्षा जरा मागे उभे होते. वंदना झाली. मी सगळ्यांना हळूच म्हटलं, चला, निघू या.

"फोटो?" कुसुमाअक्का म्हणाली. हा शब्द तिला येत होता.

मी मान हलवली. नको.

तिनं ऐकलं नाही. आमच्या माणसांचे खांदे धरून तिनं एकेकाला मूर्तीकडे वळवलं. मेश्रामकाकांना वळवलं, काकूंना वळवलं, उंच-बुटके काही बघितलं नाही. सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांची तोंडं बुद्धाकडे. मग निहालला तिनं मागे, पिंपळाच्या बुंध्याशी उभं केलं. आता फोटोत येणार होत्या त्या आमच्या पाठी.

सवयीनं मी निहालकडे निघाले, कुठून घ्यायचा ते सांगायला. दोन पावलं गेले असेन, तर कुसुमाअक्कानं माझं मनगट पकडलं आणि मला ओढून आत्याच्या आणि स्वतःच्या मध्ये उभं केलं. मी म्हणाले, "अक्का, मी फोटोत नसते." तिला ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी तिनं मनगट सोडलं नसतं. एवढ्या वर्षांच्या, एवढ्या घरांतल्या फ्रेमांत एकीतही मी नाही, हे तिथं, त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. समोर कॅमेरा नव्हता. समोर बुद्ध होता, आणि मला दुसरीकडे कुठं बघायचं कारणच उरलं नव्हतं. मी हात जोडले आणि त्याच्याकडे पाहिलं. हसा म्हणून कोणी सांगितलं नाही. निहालनं फोटो कधी काढला ते कळलंही नाही.

परत वळलो तर मागचे शेजारी पुढे सरकले होते. त्यांच्यातल्या दोघा-चौघांच्या पाठीही त्या फोटोत आल्या आहेत.

कुसुमाअक्कानं निहालचा मोबाईल लांब धरून तो फोटो पाहिला. मग काहीतरी सांगितलं. निहाल म्हणाला, "बोलती है, ये बड़ा बनाके भेजो. सामने वाले कमरे में लगाएगी. बोर्ड नहीं चाहिए. जो गेस्ट आएगा, पहले ये देखेगा, तो उसको कुछ बोलना नहीं पड़ेगा."

मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. "गेस्ट? म्हणजे... कौन से गेस्ट?"

"आपका गेस्ट, मॅडम. आपका होटल का."

"होटल नहीं," कुसुमाअक्का मध्येच म्हणाली. तेवढं हिंदी तिला समजलं होतं. मग तिनं सिंहलमध्ये एक शब्द सांगितला आणि निहालनं आपला शब्द दुरुस्त केला, "घर."

मी तिथंच रडले. आत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, लहानपणी मारायची तशी, जरा जास्तच जोरात. कुसुमाअक्काची एकच अट होती, की पहिल्या पाहुण्यांबरोबर आत्यानं यायचं. आत्या म्हणाली, "मले कोन अडवते?"

घरी येऊन व्हॅनमध्ये बसलो आणि निघालो तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात माझा फ्लेक्स पसरलेला दिसला. पालथा. त्यावर आत्याच्या भिवापुरी मिरच्या उन्हात टाकलेल्या होत्या. फ्लेक्सचा इतका चांगला उपयोग आमच्या जरीपटक्यातही कधी कोणी केला नसेल.

परत घरी

फ्रेमवाल्यानं फोटो हातात घेतला, सरळ केला, उलटा केला. "ताई, हा चुकून निघाला का?"

"नाही, हाच आहे."

"तोंडं कुठं आहेत?"

घरोघरी हाच प्रश्न झाला. मेश्रामकाकांच्या घरी त्यांच्या सुनेनं टकलावरून सासऱ्यांना ओळखलं. माझ्या घरी माझ्या मुलीनं मला वेणीवरून शोधलं आणि म्हणाली, "आई, तू किती वाकून उभी राहतेस गं!" ते खरं आहे. मला माझी पाठ कधी दिसलीच नव्हती. कुसुमाअक्काकडेही एक फ्रेम गेली आहे. समोरच्या खोलीत दाराच्या अगदी समोर लावली म्हणून निहालनं कळवलं. पाऊस सरला की पहिले पाहुणे निघतील, आणि त्यांच्यात आत्या असेल.

भिवापूरला फ्रेम द्यायला मी स्वतः गेले. आत्यानं ती पदरानं पुसली आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या शेजारी लावली. आजूबाजूच्या बाया जमल्या. एकीनं जवळ जाऊन नीट पाहिलं आणि नाक मुरडलं. "माय वं, एवढ्या लांब विमानानं गेली, अन् तोंडच नाही आलं तुहं फोटोत?"

आत्यानं काचेवर बोट ठेवलं. आधी स्वतःवर, मग माझ्यावर, मग कुसुमाअक्काच्या अंबाड्यावर, आणि शेवटी आमच्या सगळ्यांच्या पलीकडे, त्या लहानशा पांढऱ्या मूर्तीवर.

"त्याले दिसून राहिलं ना आमचं तोंड," ती म्हणाली. "तुले कायले पायजे?"